चढावर डिझेल गाडीचा दम अचानक जातो तेव्हा: टर्बोला हात लावण्याआधीची तपासणी

लक्षणं

गावात, सपाटीवर गाडी नीट चालते. खंबाटकी, कशेडी किंवा आंबा घाटाचा चढ लागतो, तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला असतो आणि गाडी मध्येच बसते. मागून ट्रक चढत येतोय आणि काटा तीस-पस्तीसच्या वर सरकत नाही. गॅरेजमध्ये नेली की ‘टर्बो गेला’ हे दोन शब्द ऐकू येतात आणि पाच आकडी खर्चाचा अंदाज हातात पडतो. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जातो, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा दोष निघतो तो फाटलेल्या रबरी पाइपात, सैल क्लिपमध्ये, तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा काजळी धरलेल्या सेन्सरवर. म्हणून आधी गाडी दम कसा टाकते ते नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

झटक्यात दम जातो, इंजिन २५०० ते ३००० आरपीएमच्या वर चढतच नाही, चेक लाइट लागतो (कधी लागतही नाही), आणि गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. हा लिम्प मोड. ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) जेवढी हवा किंवा जेवढं डिझेलचं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही, किंवा मागितल्यापेक्षा जास्त मिळालं, की इंजिन वाचवायला तो डिझेल कापतो.

काळा धूर निघतो, बॉनेटखालून ‘फुस्स’ किंवा सूं-सूं आवाज येतो, आरपीएम चढतो पण ओढ नाही. टर्बो हवा दाबतोय, ती इंजिनात पोहोचण्याआधीच बाहेर पडतेय.

लांब चढावर हळूहळू गाडी बसत जाते, धूर नाही, आवाज नाही, आणि मिनिटभर उभी केली की परत दम येतो. डिझेल कमी पडतंय.

खाली, म्हणजे २००० आरपीएमपर्यंत गाडी मेल्यासारखी, आणि वर गेल्यावर एकदम जागी होते. ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय, नाहीतर टर्बोच्या आतल्या पात्या अडकल्यात.

दोन लक्षणं एकत्रही येतात. काळा धूर आणि लिम्प मोड ही जोडी तर फार वेळा दिसते.

हे दिसलं तर पुढे जाऊच नका

लाल ऑइल लाइट लागला, टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, टर्बोच्या बाजूने पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज आला किंवा मागून दाट निळा धूर सुटला, तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टो करा. घरचं काही तपासायचं नाही.

त्यातही एक प्रकार फार धोक्याचा आहे. टर्बोचं सील फुटून इंजिनचं ऑइल हवेच्या वाटेत शिरलं की इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं. अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम वाढत राहतो आणि किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही, कारण किल्लीने फक्त डिझेल बंद होतं. मॅन्युअल गाडीत ब्रेक जोरात दाबून धरा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून द्या. इंजिन दाबलं जाऊन बंद पडतं. बॉनेट उघडून वाकून बघायला जाऊ नका, तुकडे उडतात.

हा दोष इंजिनचाच आहे ना?

पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी. फूटमॅट सरकून पेडलखाली आलं असेल तर पेडल पूर्ण खाली जातच नाही. एकावर एक दोन मॅट टाकलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. दुसरी गोष्ट ब्रेक. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) धरून राहिलाय.

तिसरी क्लच. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० ते ५०च्या वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच प्लेट सरकतेय. घाटात ही तक्रार ‘पिकअप गेला’ म्हणूनच येते, आणि टर्बो बदलून ती जात नाही. इंजिनचा दम गेला असेल तर आरपीएम आणि वेग दोन्ही एकत्रच अडकतात.

कोड वाचा, पुसू नका

रस्त्यावर बंद पडल्यावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘रीसेट’ मारणं ही फार वाईट सवय आहे. त्याने गाडी तात्पुरती पळते, पण दोष कधी, कोणत्या आरपीएमला, किती वेगात आला याची ईसीएमने ठेवलेली नोंद पुसली जाते. ती नोंदच सगळ्यांत मोलाची असते.

स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर घरी काम भागतं. एका फिल्टरच्या किमतीत येणारी ही वस्तू डिझेल गाडीवाल्याने घेऊनच ठेवावी. कोड (दोषाचा क्रमांक) आणि त्याच्याबरोबरची ‘फ्रीझ फ्रेम’ (वर सांगितलेली नोंद), दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

पी ०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी पडलं. पी ०२३४ म्हणजे प्रेशर जास्त झालं. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) डिझेलचं प्रेशर कमी. पी ०१०१ एअर फ्लो सेन्सरचं (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन जुळत नाही. पी ०४०१ ईजीआरमधून पुरेसा प्रवाह नाही. पी २१३८ अॅक्सिलरेटर पेडलमधल्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी पटत नाही. पी २४६३ डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचली.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. पी ०२९९ पाहून टर्बो मागवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं. ईसीएमला फक्त एवढंच कळतं की हवा कमी पोहोचली. ती टर्बोने दिली नाही की वाटेत सांडली, हे त्याला कळत नाही.

स्कॅनर हातात असताना फुकटात होणारी एक तपासणी इथेच करून घ्या. किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचं (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत, कोकणात किंवा गोव्याच्या किनाऱ्याला साधारण १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्या-नाशकात ९४-९५, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. पुण्यात उभी गाडी ११० किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्या खोट्यावर ईसीएम सगळा हिशोब करतोय.

हवेची वाट

छोट्या डिझेल इंजिनला टर्बो इतका का लागतो, ते या आकड्यांतूनच दिसतं. पूर्ण जोरात चढताना त्याच मॅप सेन्सरवर २०० किलोपास्कल किंवा त्याहून जास्त वाचन येतं. म्हणजे इंजिनात बाहेरच्या दुप्पट दाबाने हवा भरली जाते. हवा निम्मी झाली की डिझेलही निम्मंच जाळता येतं, आणि सव्वा लिटरचं इंजिन पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढू शकत नाही.

सुरुवात एअर फिल्टरपासून. डबा उघडा, फिल्टर बाहेर काढून उन्हात धरा. घड्यांच्या आत उजेड दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरने हवा मारून पुन्हा बसवायचा मोह होतो, पण जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रं पडतात, आणि त्यातून गेलेली धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर आपटते. ऊस वाहतुकीच्या किंवा खाणीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यातच भरतो. डब्यापासून पुढे ग्रिलकडे जाणारं नळकांडंही हात घालून बघा. पाला, प्लास्टिकची पिशवी, उंदराचं घरटं, सगळं तिथे सापडतं. आणि पावसात पाण्यातून गाडी काढल्यानंतर दम गेला असेल आणि फिल्टर ओला लागत असेल, तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढे टो.

आता मुख्य गोष्ट. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबून गरम झालेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि इंटरकूलरपासून इनटेकपर्यंत जाणारे जाड होज पाइप. इथे घाई करू नका, सगळ्यांत जास्त दोष इथेच सापडतात.

इंजिन थंड असू द्या, टर्बोजवळचा भाग भाजतो. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढावं लागेल, कारण खालचा पाइप वरून दिसत नाही. टॉर्च घ्या आणि प्रत्येक जोडावरून कोरडं फडकं फिरवा. पाइपाच्या आत ऑइलचा पातळ थर असणं चुकीचं नाही; क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातली ऑइलची वाफ बाहेर सोडणारी नळी) तिथेच सोडलेला असतो. पण जोडाच्या बाहेर ओलं, चिकट ऑइल आणि त्यावर धुळीचा काळा लेप असेल, तर हवा त्याच जागेतून निसटते आणि जाताना ऑइल बाहेर फेकते. सगळा पाइप स्वच्छ आणि एकाच जागी हाताएवढा काळा डाग, हे इतकं बोलकं असतं की स्कॅनरचीही गरज उरत नाही.

चीर शोधताना नुसतं बघून भागत नाही. चिरा बहुतेक वळणाच्या आतल्या बाजूला किंवा क्लिपला लागून असतात आणि पाइप मोकळा असताना ओठ मिटल्यासारख्या बंद राहतात. आत दाब आला की उघडतात. म्हणून पाइप दोन्ही हातांनी वाकवा, पिळा, नखाने घडी उलगडून बघा. आतलं सुताचं जाळीदार अस्तर दिसलं तर तो पाइप संपला. चिकटपट्टी लावून, वर क्लिपा आवळून गाव गाठता येईल, घाट नाही.

क्लिपबद्दल. जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) ताकद लावून आवळली की तिची कड रबर कापते आणि महिन्याभरात पाइप तिथेच फाटतो. पाइप आधी काठावरच्या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण ढकला, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा आणि पाइप हाताने फिरेनासा झाला की थांबा. जोडाच्या आत ऑइल असेल तर ते आधी पुसून घ्या. ऑइल लागलेला रबर दाबाखाली घसरून निघतो.

पाइप ठीक दिसले तर इंटरकूलर उरतो. तो बंपरमागे असल्याने दगड लागतो, प्लास्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनिअमच्या जाळीशी असलेला जोड सुटतो. हे डोळ्यांना दिसत नाही. गॅरेजमध्ये हवेची वाट दोन्ही टोकांना बंद करून प्रेशर किंवा धूर सोडून तपासतात. टर्बो बदलण्याचा निर्णय घेण्याआधी ही टेस्ट मागून घ्या.

व्हॅक्यूमच्या नळ्या

टर्बोला आवर घालायच्या दोन तऱ्हा आहेत. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाची झडप असते, ती बहुधा टर्बोच्या स्वतःच्या दाबावरच उघडते. जास्त ताकदीच्या इंजिनांत आतल्या पात्या फिरणारा व्हेरिएबल टर्बो असतो. उदाहरणार्थ, फियाटच्या सव्वा लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाच्या ९० पीएस अवतारात तोच बसतो. या पात्या हलवायला व्हॅक्यूम लागतो. तो व्हॅक्यूम पंपातून निघून पेन्सिलीपेक्षा बारीक नळ्यांमधून एका सोलेनॉइडकडे (विजेवर चालणाऱ्या झडपेकडे) आणि तिथून टर्बोवरच्या डबीकडे जातो. एवढी नळी तडकली, उंदराने कुरतडली किंवा टोकाला सैल झाली, की पात्या उघड्या राहतात आणि टर्बो चांगला असूनही दाब तयार होत नाही.

तपासणी सोपी आहे. टर्बोवरच्या डबीतून निघालेल्या दांडीवर नजर ठेवा आणि दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक व्हेरिएबल टर्बोंत स्टार्ट होताच दांडी साधारण सेंटीमीटरभर आत ओढली जाते आणि बंद केल्यावर सावकाश परत येते. हललीच नाही, तर डबीवरची नळी काढून टोकाला बोट लावा. बोट ओढलं जात नसेल तर दोष नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा पंपात आहे. बोट ओढलं जातंय पण दांडी हलत नाही, तर डबीतला पडदा फाटलाय किंवा पात्या काजळीने जाम झाल्यात. दांडी अर्ध्यावर अडकत असेल किंवा झटके खात असेल, तरी पात्याच. नळ्या बदलताना आतला व्यास तोच आणि व्हॅक्यूमसाठीचीच जाड भिंतीची नळी घ्या. मत्स्यटाकीची पातळ नळी गरम झाल्यावर आत चिकटते.

ब्रेकचा बूस्टर याच पंपावर चालतो. दम जाण्याबरोबर ब्रेक पेडलही कडक लागत असेल तर पंप किंवा मोठी नळी संशयित, आणि त्या अवस्थेत गाडी घाटात न्यायची नाही.

इलेक्ट्रिक मोटारीने पात्या हलवणारे टर्बो वेगळे. तिथे दांडीला हाताने ढकलू नका, गिअर तुटतात.

डिझेलची वाट

चढावर हळूहळू बसणारी, धूर न टाकणारी गाडी असेल तर हवेच्या वाटेआधी हा भाग करा.

पहिली तपासणी फुकट: गाडी बसली की थांबून डिझेल टाकीचं झाकण उघडा. आत जोरात हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी ठीक चालली, तर टाकीचा श्वास बंद झालाय. टाकी रिकामी होत जाते तशी हवा आत यायला हवी; ती येत नसेल तर पंपाला डिझेल ओढता येत नाही.

मग फिल्टर. खाली पाणी सोडायचा स्क्रू असेल तर पारदर्शक बाटली धरून तो एक-दोन आटे सैल करा, शंभर-दोनशे मिलिलिटर काढा आणि बाटली दहा मिनिटं सपाट जागी ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि डिझेलच्या खाली स्पष्ट रेघ दिसते, बाटली कलती केली की तळाशी वेगळा थेंब घरंगळतो. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. नुसतं पाणी निघालं आणि दम परत आला तरी फिल्टर बदला, ओला कागद फुगलेला असतो.

नवा फिल्टर बसवताना त्यातली हवा काढणं महत्त्वाचं. हातपंपाचा रबरी गोळा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली तीन-चार वेळा ऑन करून दर वेळी काही सेकंद थांबा. स्टार्टर मारत बसू नका: हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरला की तो आतून घासतो आणि धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. त्या एका चुकीने फिल्टरचं काम इंजिनच्या निम्म्या किमतीवर जातं.

फिल्टर नवा असूनही गाडी बसत असेल तर फिल्टरच्या पुढच्या नळीऐवजी तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा. त्यात बुडबुडे दिसले तर टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी हवा शिरतेय, बहुधा जोडाच्या ओ-रिंगमधून. गंमत अशी की ओढणाऱ्या बाजूची गळती डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. म्हणून खाली डाग पडत नाही आणि कुणाला संशय येत नाही.

स्कॅनरवर रेल प्रेशर बघता आलं तर चित्र स्पष्ट होतं. आयडलला ते साधारण २५० ते ३५० बार असतं आणि पूर्ण जोरात गाडीप्रमाणे १४०० ते १६०० किंवा त्याहून वर. मागितलेलं आणि मिळालेलं हे दोन आकडे चढावर एकमेकांपासून लांब जात असतील आणि फिल्टर, नळ्या ठीक असतील, तर घरचं काम संपलं. पुढे हाय प्रेशर पंप, प्रेशर रेग्युलेटर आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला बाटली लावून कोण जास्त डिझेल परत सोडतो ते बघणं. ते डिझेल इंजेक्शनचं काम करणाऱ्या दुकानातच करून घ्या. इंजिन चालू असताना रेल किंवा इंजेक्टरच्या धातूच्या नळीचा नट कधीही सैल करू नका, गळती हाताने चाचपू नका. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते, आत मांस मरतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

सेन्सर आणि ईजीआर

मॅप सेन्सर एक-दोन स्क्रूंवर निघतो. टोकावर काजळी आणि ऑइलचा डांबरासारखा लेप असतो. सेन्सर स्वच्छ करायचा स्प्रे मारा, वाळू द्या. टाचणी, ब्रश आत घालू नका. एअर फ्लो सेन्सरला तर बोटही लावायचं नाही, त्यातली तार केसाहून नाजूक असते. कार्ब क्लीनर चालत नाही. तो सेन्सर खराब आहे का हे बघायला इंजिन बंद करून त्याचा कपलर (वायरचा जोड) काढा आणि छोटी फेरी मारा. ईसीएम ठरलेल्या आकड्यावर चालतो. कपलर काढल्यावर गाडी जास्त चांगली ओढत असेल तर सेन्सर दोषी. कपलर परत लावून कोड पुसा.

ईजीआर उघडा अडकला की जळालेला वायू सतत इनटेकमध्ये जातो, ताज्या हवेची जागा खातो आणि खालच्या आरपीएमला काळा धूर येतो. काढून साफ करणं शक्य आहे, गॅस्केट मात्र नवं घ्या. पत्रा लावून ईजीआर बंद करून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. प्रदूषण वाढतंच, शिवाय ईसीएम ते ओळखतो आणि पुन्हा चेक लाइट लावतो.

बीएस-६ गाड्या

बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो. तो तुंबला की टर्बोच्या मागे वाफ कोंडल्यासारखं होतं आणि दम जातो. रोज चार-पाच किलोमीटर, सिग्नल-टु-सिग्नल चालणाऱ्या गाडीला हे हमखास होतं, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता कधी तयारच होत नाही. नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल तर महामार्गावर साठच्या वर वेगात, २००० आरपीएमच्या वर इंजिन ठेवून वीस मिनिटं न थांबता चालवा. त्यानंतर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, खालचा भाग फार तापलेला असतो. दिवा चमकत असेल किंवा चेक लाइटही लागला असेल तर वर्कशॉप. रिजनरेशन (काजळी जाळून डीपीएफ साफ होणं) वारंवार अर्धवट राहिलं असेल तर ऑइलची पट्टी बघा. पातळी कमाल (मॅक्स) खुणेच्या वर गेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरलंय, ते आधी बदला.

मग टर्बो

वरचं सगळं निर्दोष निघालं तर थंड इंजिनवर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि पंखा बोटाने फिरवा. तो मोकळा फिरायला हवा. वर-खाली किंचित हालणं चालतं, ऑइल भरल्यावर शाफ्ट त्यावर तरंगतो. आत-बाहेर हालचाल बोटाला जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा मोडलेल्या, आतल्या भिंतीवर घासल्याची चकाकी किंवा पाइपात ऑइलचं तळं असेल तर टर्बो गेला.

इथून पुढचं काम टर्बोवाल्याचं. त्याच्याकडून चार गोष्टी मात्र करून घ्या: ऑइल आणि फिल्टर बदलणं, टर्बोला ऑइल देणारी नळी नवी बसवणं, इंटरकूलर आतून ऑइल आणि तुकड्यांपासून साफ करणं, आणि नवा टर्बो चालू करण्याआधी त्यात ऑइल भरणं. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. जुना टर्बो ऑइल न मिळाल्यामुळे मेला असेल आणि तीच तुंबलेली नळी ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जातो. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली न काढता मिनिटभर आयडल चालू ठेवायचं तेही यासाठीच: तापलेल्या शाफ्टवर थांबलेलं ऑइल करपून कोळसा होतो.

पेट्रोल टर्बो आणि सुपरचार्जर

पेट्रोल टर्बो गाडीत हवेच्या वाटेची तपासणी तीच, फक्त त्याआधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. जोर दिल्यावर गचके आणि चमकणारा चेक लाइट म्हणजे मिसफायर. तसं चालवत राहिलात तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळतो. सुपरचार्जर धुराच्या जोरावर नाही, इंजिनच्या बेल्टवर फिरतो. तिथे आधी बेल्ट चकाकतोय का, टेन्शनर सैल झालाय का, बायपासची झडप उघडी अडकलीय का हे बघायचं. बेल्ट घसरत असेल तर आरपीएम वाढेल तसा दाब वाढण्याऐवजी पडतो आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो.

गॅरेजला देताना

कोड आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो, कोणत्या गिअरला, किती आरपीएमला, इंजिन गरम की थंड, धुराचा रंग, आणि तुम्ही काय काय बदललं, हे कागदावर लिहून द्या. ‘पिकअप नाही’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री सपाट रस्त्यावर फेरी मारून ‘गाडी ठीक आहे’ म्हणतो, आणि त्याचं चूकही नसतं. दोष फक्त भाराखाली दिसतो.

काम झाल्यावर घेताना तोच चढ, तोच तिसरा गिअर, शेजारच्या सीटवर स्कॅनर धरलेला माणूस. २००० ते २५०० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मॅप सेन्सर २००च्या आसपास जाऊन टिकतो का बघा. १३०-१५०वर अडकला तर हवा अजून गळतेय. १०० ते ११०वरच राहिला तर टर्बो हवा दाबतच नाहीये, आणि बिल देण्याआधी गाडी परत आत घ्यायला सांगा.